शेत दाखवा, सोंग नको

फाल्गुन लागला की आपल्या घरात दोन घाया एकदम सुरू होतात. एक वर्षाचं धान्य भरण्याची आणि दुसरी मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमांची. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातलेल्या, गव्हाची पोती दारात येऊन पडलेली, परीक्षा तोंडावर, आणि त्यातच शाळेचा निरोप येतो : ‘पुढील आठवड्यात वर्गात शेती सप्ताह साजरा होणार आहे. प्रत्येकाने शेताचा देखावा व शेतकऱ्याचा पोशाख तयार ठेवावा.’ पूर्वी हा निरोप वहीत लिहून यायचा, आता आयांच्या मोबाइलवर येतो, एवढाच काय तो फरक. धावपळ तीच!

अशाच एका भगिनीचं पत्र या आठवड्यात आलं आहे. त्या लिहितात, ‘माझा मुलगा दुसरीत आहे. नोकरी सांभाळून एका संध्याकाळी होईल असा, कमी खर्चाचा शेताचा देखावा सुचवा. शेतकऱ्याच्या वेषात म्हणायला चार ओळीही लिहून द्या. मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला बक्षीस मिळालं, यंदा आमच्या चिरंजीवांना मिळालं पाहिजे!’

ताई, देखावा नक्की सुचवते, आणि तो एका संध्याकाळी होईल याचीही हमी देते. चार ओळी मात्र देणार नाही. रागावू नका. अशा ओळी मी गेल्या वर्षी एकदा लिहून दिल्या होत्या, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. ती हकिकत आधी सांगते, म्हणजे मी असं का म्हणते ते कळेल.

माझी नात गेल्या वर्षी तिसरीत होती. शाळेत असाच शेती सप्ताह होता. सूनबाईंना ऑफिसात मार्चअखेरची गडबड, तेव्हा देखावा आणि वेष दोन्ही माझ्याकडे आले. आता एवढी वर्षं तुम्हांला घरच्या युक्त्या सांगतेय म्हटल्यावर मी मागे कशी राहीन? बाजारातून तयार देखावा आणला. लाल छपराचं कोठार, पांढरं कुंपण, कापसाच्या मेंढ्या. आणि वेषासाठी आजोबांचं जुनं धोतर फाडून त्याला चार ठिगळं लावली, कोळशाने कपाळावर आठ्या काढल्या, हातात रिकामं मडकं दिलं. भाषणही मीच लिहिलं. पाऊस नाही, पाणी नाही, लेकरांना काय खाऊ घालू, माझ्यावर दया करा, असं काहीतरी. शेवटी हात जोडून रडायचं. पोर गुणी! अशी काही रडली की बायांच्या डोळ्यांना पाणी आलं. पहिलं बक्षीस मिळालं. घरी आम्ही पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आली ती गप्प गप्प. एरवी तोंड सारखं चालू असतं तिचं. मी विचारलं, “काय गं, बरं नव्हतं का?” तर म्हणाली, “मला काय हुतंय काकू, पोरगं शाळेत जाईना झालंय.”

तिचा मुलगा माझ्या नातीच्याच वर्गात आहे, हे मला माहीत होतं. पण त्याचा आणि माझ्या भाषणाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ही मंडळी मूळची परभणीकडची. तीन एकर कोरडवाहू रान आहे. दोन वर्षं पिकानं दगा दिला म्हणून रान दिराच्या हवाली करून इथे शहरात आली. नवरा टेम्पोवर आहे. मुलाने वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं की आम्ही शेतकरी. त्या दिवशी माझी नात रडली, पोरं हसली नि टाळ्या वाजवल्या, आणि हा मुलगा मागच्या दाराने उठून नळापाशी जाऊन बसला. घरी येऊन आईला म्हणाला, “आपण असं भीक मागत हुतो का गं?”

भांडी विसळता विसळता तिने मला विचारलं, “काकू, ते भाषण तुमी लिवलं हुतं?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती म्हणाली, “आमी रडत न्हाई असं न्हाई काकू. पण रोज न्हाई रडत. रोज काम असतंय.”

बस्स, एवढंच. पुढे काही बोलली नाही, भांडी पालथी घालून निघून गेली. मैत्रिणींनो, त्या बक्षिसाचा डबा अजून आमच्या फडताळात आहे. नातीला तो शाळेत न्यायला मीच देत नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. मुलांना शेताची ओळख करून द्यायची तर शेतकऱ्याचं सोंग आणून ती होत नाही. शेतकरी काय करतो, त्याला काय काय येतं, हे मुलांनी आपल्या हातांनी करून पाहिलं पाहिजे. दया शिकवायला चार ओळी पुरतात. मान द्यायला शिकवायचं तर हात मातीत घालावे लागतात.

आता दुसरी चूक, जी आपण जवळजवळ सगळ्याजणी करतो. ते लाल छपराचं कोठार आणि त्या कापसाच्या मेंढ्या! तो देखावा इंग्रजी पुस्तकांतून आलेला आहे. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, बर्फ वितळला की वसंतात नांगरणी-पेरणी होते, कोकरं जन्माला येतात. म्हणून त्यांच्या वर्गात वसंत ऋतू म्हणजे बी पेरणं. आपलं तसं नाही. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा, पण त्याची चाहूल लागते ती माघ-फाल्गुनात, आणि तेव्हा आपल्या रानात पेरणी नसते, सुगी असते! भाद्रपद-आश्विनात पेरलेली रब्बी ज्वारी या दिवसांत काढतात. हरभरा उपटतात. कार्तिकाच्या सुमारास पेरलेला गहू कापणीला येतो. नाशिक-सांगलीकडे द्राक्षं उतरवतात, सांगली-हिंगोलीकडे हळद खणून, शिजवून वाळत घालतात. उन्हाळी कांदा निघू लागतो. कोकणात भाताची खाचरं रिकामी असतात, पण तिथेही पुढच्या रोपांसाठी राब भाजण्याची तयारी चालते, काजू पिकू लागतो. विदर्भात मोहाची फुलं वेचतात. आपल्या वसंताचा रंग हिरवा कमी आणि पिवळा-सोनेरी जास्त.

आणि गंमत बघा, हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. पाडव्याला कडुनिंबाच्या फुलोऱ्याबरोबर हरभऱ्याची भिजवलेली डाळ आपण वाटतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं करतो, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतो. ऐन त्या दिवसांत कैरी झाडावर आणि नवा हरभरा घरात आलेला असतो. म्हणजे चैत्रगौरीचं ताट हाच आपला वसंतातल्या शेताचा तक्ता! तो भिंतीवर लावण्याऐवजी आपण पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलो, इतकंच.

तर यंदा काय केलं ते सांगते. नात आता चौथीत आहे. शेती सप्ताहाचा निरोप आला तशी मी वर्गाच्या बाईंना जाऊन भेटले. गेल्या वर्षीची सगळी हकिकत सांगितली. बाई भल्या आहेत. ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “आजी, यंदा वेष बंद. काय करायचं ते तुम्हीच सुचवा.” आम्ही दोघींनी बसून आठवडाभराचा बेत ठरवला. त्यातलं जे जमलं आणि जे घरीही जमण्यासारखं आहे ते देते.

पहिला प्रयोग वाट्यांचा. चार वाट्या घ्या. एकीत अख्खे हरभरे, दुसरीत हरभऱ्याची डाळ, तिसरीत फुटाणे, चौथीत मटकी. फुटाणे सोडून बाकी सगळं रात्री भिजत घाला. फुटाणे सकाळी पाच मिनिटं पाण्यात टाकले तरी पुरे, नाहीतर त्यांचा लगदा होतो. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात वेगवेगळी पुरचुंडी बांधा. या दिवसांतल्या उकाड्यात मटकीला एका दिवसात मोड दिसतात, हरभऱ्याला दीड-दोन दिवस लागतात. डाळीला आणि फुटाण्यांना मात्र मोड येत नाहीत. मुलांना आधी विचारा, कशाला मोड येतील? आमच्या वर्गात अर्ध्या मुलांनी डाळीला येतील म्हणून हात वर केले होते! मग अख्खा हरभरा सोलून त्याच्या दोन डाळिंब्या अलगद उघडून दाखवा. टोकाला इवलासा कोंब चिकटलेला असतो. डाळ भरडताना तो तुटतो, फुटाणे भाजताना तो मरतो. ‘जिवंत बी’ म्हणजे काय हे एवढ्यात कळतं, तक्ता लागत नाही.

दुसरं म्हणजे पेरणी. सुगीच्या दिवसांत पेरणी कशाला, असं म्हणाल. पण बी रुजताना पाहिल्याशिवाय मुलांना कणसाची किंमत कळायची नाही. आणि पेरणी आपल्याला काही नवी नाही. नवरात्रात घटाखाली माती पसरून धान आपणच पेरतो ना? तेच मुलांच्या हाती द्यायचं. नारळाच्या करवंट्या घ्या, तळाला भोक असलेली बाजू खाली ठेवा आणि एक डोळा टोचून मोकळा करा. दोन वाट्या माती, एक वाटी कुजलेलं शेणखत. मेथी आणि गहू पेरा. दाणा आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावा, त्याहून जास्त नको. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, गहूही त्याच सुमारास. धने पेरायचे असतील तर ते हलकेच रगडून दोन दले करा. पण कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा उतावळ्या मुलाच्या हाती ती देऊ नका. करवंटीवर मुलाचं नाव आणि पेरल्याची तारीख लिहा, आणि रोज पट्टीने उंची मोजून वहीत मांडू द्या.

इथे दोन सूचना, आणि त्या अगदी मनावर घ्या. बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी-निळं रंग दिलेलं बी मुलांच्या हाती कधीही देऊ नका. त्याला औषध लावलेलं असतं. आपल्या डब्यातलंच धान्य वापरा. आणि घरात किंवा वर्गात अगदी लहान मूल असेल तर हरभरे, वाटाणे मोजून द्या, मोजून परत घ्या. नाकात-कानात दाणा घालून घेणारी मुलं मी कमी पाहिलेली नाहीत!

तिसरी गोष्ट कणसाची. ही मात्र बाजारात सहज मिळत नाही. यासाठी मी कोणाकडे गेले असेन ते तुम्ही ओळखलं असेलच. मी आमच्या बाईला म्हटलं, “गावाहून थोडी कणसं आणि हरभऱ्याची डहाळी मिळेल का गं? शाळेत हवी आहेत. आणि तू येशील का वर्गात, मळणी कशी करतात ते दाखवायला?” ती आधी हसली. म्हणाली, “मी काय दाखवू काकू, मला लिवता येत न्हाई.” मी म्हटलं, “मला मळणी येत नाही. झालं की नाही बरोबर?” मग तिने दिराला फोन केला आणि त्याने एसटीतून एक गोणपाटाचं बोचकं पाठवलं.

बुधवारी ती सूप घेऊन वर्गात आली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, तेवढ्याने मला गहिवरून आलं. शाळेच्या पटांगणात एक जुनी चादर पसरली, कणसं घातली आणि लाकडी धोपटण्याने बडवायला घेतली. मग मुलांनीही आळीपाळीने बडवली. मग तिने सूप डोक्याबरोबर धरलं, वारा कुठून येतोय ते बघितलं आणि दाणे हलके हलके खाली सोडले. भोंडं वाऱ्यावर बाजूला, दाणे पायाशी. चाळीस मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. एका मुलाने विचारलं, “मावशी, वारा नसला तर?” ती म्हणाली, “तर बसायचं वाट बघत. न्हाईतर पहाटे उठायचं, पहाटे असतो वारा.” वर्गाच्या बाईंनी ते लगेच फळ्यावर लिहिलं.

एका कणसात दाणे किती असतील, असं बाईंनी विचारलं. कोणी पन्नास म्हणालं, कोणी शंभर. मग दहा दहाचे ढीग, दहा ढिगांचा शेकडा, अशी मोजणी सुरू झाली. एका मोठ्या कणसाचे दाणे हजाराच्या वर गेले! चौथीच्या वर्गाला गणिताचा इतका उत्साह मी आधी पाहिलेला नव्हता. आणि वर तिने सांगितलं, “एका भाकरीला अशी दोन-तीन कणसं लागत्यात.” त्या दिवसापासून माझी नात ताटात भाकरीचा तुकडा टाकत नाही. मी गेली तीन वर्षं ‘अन्न टाकू नये’ म्हणून घसा कोरडा करत होते.

आणि तिचा मुलगा? सुरुवातीला तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. मला धास्तीच वाटत होती, की आईला असं सगळ्यांपुढे आणून मी पुन्हा त्याचा जीव खजील केला की काय. मग बोचक्यातून हरभऱ्याची डहाळी निघाली. उशिराच्या पेरणीची, अजून हिरवी, घाटे लागलेली. बाईंनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, “अरे, हाताला काहीतरी चिकट लागतंय.” तशी तो मागूनच म्हणाला, “बाई, ती आंब हाय. बोट चाटा, आंबट लागंल.” बाईंनी बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं. सगळा वर्ग हसला, पण हे हसू निराळं होतं. मग तो उठला, पुढे आला आणि सांगायला लागला. हरभऱ्याच्या पाल्यावर अशी आंब येते, पहाटे दव पडलं की पिकावर पांढरं फडकं फिरवायचं, ते पिळून बाटलीत भरून ठेवायचं, पोटात दुखलं की आजी त्यातली थोडी पाण्यातून देते. पंधरा मिनिटं पोरगा बोलत होता. चौथीच्या वर्गात त्या दिवशी त्याच्याइतकं जाणतं दुसरं कोणी नव्हतं, बाई नव्हत्या आणि मीही नव्हते.

(एक सांगून ठेवते. ती डहाळी घरच्या रानातली, फवारा न मारलेली होती. बाजारातली जुडी आणाल तर बोट चाटायचा प्रयोग करू नका, आणि घाटे धुऊनच सोला.)

गावाकडची ओळख नसली तरी अडत नाही. मुलाला मंडईत घेऊन जा, मात्र सकाळच्या गर्दीत नको. दुपारी विक्रेत्या बायकांना थोडी उसंत असते. मुलाला तीनच प्रश्न विचारू द्या. हे जमिनीच्या वर येतं की खाली? कोणत्या महिन्यात पेरलं? काढायला किती माणसं लागली? उत्तरं मुलानेच वहीत लिहायची, आपण मध्ये बोलायचं नाही. आणि हो, प्रश्न विचारून रिकाम्या हाताने परतायचं नाही. पाव किलो का होईना, भाजी तिच्याकडूनच घ्यायची.

आता ताई, तुमचा देखावा! एक जुनी परात किंवा पत्र्याचा ट्रे घ्या. त्यात दोन बोटं माती पसरा. निम्म्या भागात आठ दिवस आधी गहू पेरून ठेवा, म्हणजे हिरवं रान तयार. (एका संध्याकाळी काम होईल म्हणाले होते, पण पेरणीची पाच मिनिटं आधी लागतील, तेवढी माफ करा.) उरलेल्या निम्म्या भागात कापलेलं रान दाखवा. झाडूच्या काड्यांचे बोटाएवढे तुकडे ओळीने खोचले की झाली ज्वारीची धसकटं. काड्यांच्याच छोट्या पेंढ्या बांधून कडब्याची गंजी रचा. मधून मातीचा बांध घाला. मातीची चिमुकली विहीर करा. बैल मुलाला मातीचे करू द्या. एका बैलाला शिंग नसलं तरी चालेल, ते त्याने केलेलं असू द्या. आणि परातीशेजारी चार वाट्यांत खरी ज्वारी, गहू, हरभरा, तूर ठेवा. कोठार, कुंपण, कापसाच्या मेंढ्या काही नकोत. आपल्याकडे मेंढ्या येतात त्या धनगरांच्या, आणि सुगी झाल्यावर मोकळ्या रानात बसवायला. ती एक स्वतंत्र गोष्ट आहे, मुलाला जरूर सांगा.

आणि शाळेने वेषाचा आग्रह धरलाच तर? तर स्वच्छ धोतर किंवा विजार, डोक्याला मुंडासं, खांद्यावर उपरणं. मुलगी असेल तर कासोटा, आणि हातात विळा नव्हे, धार लागते, सूप द्या. ठिगळं नकोत, कोळसा नको, रिकामं मडकं नको. आणि भाषणाऐवजी मुलाने एक काम करून दाखवावं. दाणे पाखडावेत, शेंगा सोलाव्यात, पेंढी बांधावी. ज्याला काम येतं तो रडका दिसत नाही. दुष्काळ, कर्ज, पडलेले भाव हे सगळं खरं आहे, आणि मुलं मोठी झाली की त्यांना ते सांगायलाच हवं. पण आठ वर्षांच्या मुलाने रडण्याची नक्कल करून टाळ्या मिळवायच्या, यात ना शेतकऱ्याचं भलं आहे ना मुलाचं.

हे काही मी नवं सांगत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हाच विचार मांडला होता. आणि आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ! १९४५ साली बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा बिया, पानं, शिंपले, माती हीच त्यांनी शिकवण्याची साधनं केली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणात नेली. त्या ‘कुरणशाळे’त गुराख्याचं पोर कमीपणा घेऊन बसलेलं नव्हतं. जे त्याला येत होतं तिथूनच त्याचा धडा सुरू होत होता. आपल्याला अख्खी शाळा कुरणात न्यायची नाही. वर्गात जे मूल शेतातून आलं आहे त्याला मागच्या रांगेतून पुढे आणायचं, इतकंच करायचं आहे.

तेव्हा निरोप आला की दुकानात धावण्याआधी एकदा स्वतःशी विचार करा. आपल्या घरी येणाऱ्यांपैकी, आपल्या गल्लीत, आपल्या मुलाच्या वर्गात, रानात राबलेलं कोण आहे? धुणंभांडी करणारी, भाजीवाली, इमारतीचा रखवालदार, किंवा तुमच्या स्वतःच्या सासूबाई! कितीतरी घरांत सासूबाईंचं लहानपण खळ्यावर गेलेलं असतं आणि नातवंडांनी ते कधी विचारलेलं नसतं. त्यांना वर्गात बोलवायला बाईंना सुचवा. मात्र एक पथ्य पाळा. ज्याला बोलावता त्याला आधी नीट विचारा, त्याची इच्छा नसेल तर गळ घालू नका, आणि कामावरच्या बाईला बोलावलंत तर त्या दिवसाचा खाडा धरू नका.

आमच्याकडे काय झालं ते सांगून पत्र पुरं करते. शनिवारी सप्ताह संपला. यंदा बक्षिसं नव्हती. प्रत्येक मूल आपापली करवंटी घेऊन घरी गेलं. सोमवारी आमची बाई कामाला आली ती पुन्हा पूर्वीसारखी बडबडत. पोरगं शाळेत जातंय ना, म्हणून मी विचारलं. म्हणाली, “जातंय की. पोरं त्याला इचारत्यात, आमची मेथी पिवळी का पडली म्हनून.” आणि मग खिडकीतल्या आमच्या करवंटीकडे बघून म्हणाली, “तुमी पण लई पाणी घालताय काकू.”

खरंच जास्त होत होतं. दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड शिंपडायला लागले, तर मेथी सावरली.

तुमच्या मुलांच्या वर्गात यंदा काय केलं ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात पाडव्याच्या तयारीबद्दल बोलू. आंब्याच्या डाळीसाठी यंदाचा नवा हरभरा मात्र आत्ताच बाजूला काढून ठेवा!